नीलमातले धागे

लग्न जुळवायला द्यायच्या फोटोतला डाग पुसला तर त्यात कसलं आलंय पाप? सगळेच पुसतात! चंद्राणीला अगदी मनापासून असं वाटत होतं. रत्नपुरातल्या खडे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली खड्यांच्या पोटातले फोटो काढत होती. आज तिच्या पर्समध्ये मात्र लेकीचा, निल्मिनीचा फोटो होता. हनुवटीवरचा कोडाचा पांढरा डाग स्टुडिओवाल्याने सफाईने घालवलेला. दुपारी मध्यस्थ पियसेन तो मुलाकडे नेणार होता.

तेवढ्यात जिनदासमामा आले. खड्यांचे जुने व्यापारी, गोड बोलण्यात वस्ताद.

"चंद्राणी, हा नीलम जरा वळवून फोटो काढ ना. आतले ते धागे दिसले की गिऱ्हाईक बिचकतं."

"मामा, केस पिकले तरी कळेना?" ती उसळली. "रंग खुलावा म्हणून भट्टीत तापवलेल्या खड्यातले असे नैसर्गिक धागे तुटून ठिपके होतात. तुमचे अख्खे आहेत. मातीतून निघाला तसाच आहे खडा, याचा हाच तर पुरावा! धागे लपवलेत तर पहिला संशय तुमच्यावरच."

मामांनी हसत कान पकडले.

दारात निल्मिनी केळीच्या पानात बांधलेला भात घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"अम्मा, मग माझा डाग का पुसलास? मी काय भट्टीतला खडा आहे?"

"अगं, ते वेगळं. लोक नाही म्हणतील."

"म्हणू देत की! लग्नानंतर तोंड फिरवण्यापेक्षा आधीच म्हणू देत. जन्मभर हनुवटी झाकून संसार मला करायचाय, तुला नाही."

चंद्राणीने पर्समधला पुसलेला फोटो बाहेर काढला. वीस वर्षं दगडांची बाजू घेतली, आणि पोटच्या पोरीची नाही! तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आता कान तू पकड," मामा हळूच म्हणाले.

तिने लेकीला खिडकीपाशी बसवलं, दिवा हनुवटीकडे वळवला आणि स्वतः फोटो काढला. डाग स्पष्ट दिसत होता, आणि निल्मिनी मनमोकळी हसत होती. पियसेनने कपाळावर हात मारला, पण फोटो नेला.

चौथ्या दिवशी तो पळतच आला. मुलानेही नवा फोटो पाठवला होता. पियसेनने आधी आणलेल्या त्याच्या फोटोत भरघोस केस होते. यात डोकं चक्क तुळतुळीत! मागे लिहिलं होतं, "तुमचा फोटो पाहून मलाही धीर आला."

निल्मिनी पोट धरून हसली. मग म्हणाली, "अम्मा, याला चहाला बोलव."

मंडळी, आपणही घरोघरी असे फोटो पुसतच असतो ना? नातं जोडायचं तर माणूस आहे तसा दाखवावा. डाग पाहून जो पळाला, तो आपला नव्हताच. आणि जो थांबला, त्याच्यापुढे मग काही झाकावं लागत नाही!