डोक्यात अडकलेली बासरी

माझी ताई मेंदूच्या थकव्यावर संशोधन करते आणि प्रयोगाला तिला मी आयती सापडते. गोल्फमध्ये माझे पहिले काही होल छान जातात. मग डोक्याचा दगड होतो आणि हातभर अंतरावरचा चेंडूही भोकात जात नाही. यावर ताईचा उपाय संगीत. महिनाभर तिने मला संगणकावर कंटाळवाणी कोडी सोडवायला लावून पार पिळून काढलं, मग कानात बासरी लावली आणि मैदानावर उभं केलं. चेंडू मुकाट्याने भोकात जायला लागले. आम्ही दोघी हरखून गेलो.

निवडीच्या दिवशी संघात एकच जागा उरली होती आणि ती मला हवीच होती. खेळताना कानात काही घालायला बंदी, म्हणून दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत मी बासरी ऐकून घेतली. माझी बॅग उचलायला ताई सोबत होतीच.

शेवटच्या होलवर चेंडू भोकापासून जेमतेम दोन पावलांवर होता. मी वाकले आणि डोक्यात बासरी सुरू झाली. सरावात मी नेहमी तिच्या एका ठरावीक वळणावर फटका मारायचे, हे मला तिथे कळलं. आता ते वळणच येईना. सूर तिथवर जायचे आणि परत पहिल्या ओळीवर यायचे. उतार दिसत होता, दिशा दिसत होती, हात मात्र हलेनात.

"अगं, मार की," ताई कुजबुजली.

"पुढे कसं आहे ते? गुणगुण ना."

"इथे?"

"इथेच."

ताईच्या गळ्याबद्दल न बोललेलंच बरं. तिने सुरुवात केली आणि ती भलत्याच गाण्यात शिरली. पंच आमच्याकडे बघतच राहिले. याला सल्ला म्हणावं की संगीत, हे त्यांनाही उमगेना. शेवटी त्यांनी घड्याळ पाहिलं.

"मॅडम, तुमची वेळ संपली. उशिराबद्दल एक फटका दंड."

त्याबरोबर बासरी थांबली. मी चेंडू ढकलला आणि तो सरळ भोकात गेला. जागा दंडाच्या त्या एका फटक्याने दुसरीला मिळाली.

कपडे बदलायच्या खोलीत ताई माझ्या शेजारी येऊन बसली. "खरं सांग, दमली होतीस का?"

मी आठवून पाहिलं. "अजिबात नाही गं. डोकं अगदी ताजं होतं."

तिचा चेहरा उजळला, मग लाज वाटून तिने मान खाली घातली. मला तिचा राग येत होता आणि तिच्या कुशीत शिरावंसंही वाटत होतं.

"म्हणजे उपाय लागू पडला," ती हळूच म्हणाली.

"हो," मी म्हणाले आणि रडायला लागले.