लाकडी बैलांचे खांदे

पोळ्याच्या दुपारी मी माळ्यावरचं खोकं खाली काढलं, झाकन उघडलं, आन अवं माय वं!

लढाईचं साल होतं. घासलेट भेटत नव्हतं, पन घासलेटच्या डब्यांचं ते लाकडी खोकं आमच्या घरी होतं आन त्यात होते रुख्मीचे बैल. तान्ह्या पोळ्याले लेकरं लाकडाचे बैल दोरीनं ओढत मारुतीपुढं नेतात ना, ते. रुख्मी झाली तवापासून तिच्या बापानं दरसाल एक बैल घडवला. सागाचा, चार चाकांचा, एकाचं शिंग दुसऱ्यासारखं नाही. असे सहा झाले. सातवा होनार नव्हता. माघात कारंज्याच्या कापसाच्या जिनात त्याहिचा उजवा हात मशीनीत गेला, तीन बोटं तिथंच राह्यली. पटाशी आता धरता येत नाही. म्हनून सहा म्हंजे सहाच.

मी काय कमी जपलं त्या बैलांले? वाळवी लागू नये म्हनून खाली राख, आत निंबाचा पाला. छपराचे कवेलू गळतात म्हनून वरून घोंगडं. चुलीपासून पार दूरच्या खोलीत. रुख्मीले तं शिकवूनच ठेवलं होतं, घराले आग लागली तं पह्यले खोकं अंगनात ओढायचं, मंग मले हाक मारायची. शेजारची प्रयागबाई हासे. हास म्हनलं.

आन आता पाहते तं खोक्याच्या बुडाले हे मोठं भोक. शिंगं साबूत, चाकं साबूत, पाठी साबूत. फक्त खांदे कुरतडलेले, साहीच्या साही बैलांचे! एकाची तं मान लोंबून राह्यली होती.

"उंदरं! मुडदा बसवला यायचा!" मी बोंबलली. रुख्मीचा बाप ओसरीवरून धावत आला तं त्याहिच्यावरच बरसली. "भिताडातलं भोक बुजवा म्हनून कितीदा सांगितलं? काहून नाही बुजवलं? आता घ्या!"

ते खाली बसले, डाव्या हातानं एक बैल उचलला, नाकाशी नेला.

"तूप," ते म्हने. "रुख्मीची माय, यायले तूप कोनं लावलं?"

मी! मीच लावलं होतं, गेल्या साली. पोळ्याच्या आदल्या दिवशी खऱ्या बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात, सालभर जू वाह्यलेलं असते म्हनून. आमच्याकडं खरा बैल कुठला? तं खोक्यात ठेवायच्या आधी मी याहिचेच मळले. चांगलं बोटं भरून तूप. गावभर फिरून आले, दमले असतील म्हनून! आगीपासून राखले, पान्यापासून राखले, आन उंदरांले मीच ताट वाढून ठेवलं.

"मीच लावलं," मी म्हनलं. "मले शिव्या द्या. मारा पाह्यजे तं. पन काही तं बोला!"

त्याहिनं दात लागलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"कायले शिव्या देऊ? बैल होते ते," ते म्हने. "मी ठेवले असते तं मीबी मळले असते."

एवढं बोलले, आन बैल मांडीवर घेऊन ढसाढसा रडाले लागले. मले तं माहं रडूबी आलं नाही.