पट्ट्याचं दुसरं टोक

मी रोज वस्तऱ्यानं दाढी करतो. त्याआधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासावा लागतो, आणि पट्टा ताठ लागतो. ढिला पडला की धार मरते. आमच्या निरवांगीच्या घरात एक टोक माझ्या हातात आणि दुसरं माझ्या बायकोच्या, कौसल्याच्या हातात, असं चौतीस वर्षं चाललं.

"अवो, पट्टा हाय का बैल? किती वढताय!" ती म्हणायची.

दिवाळीनंतर पट्टा ढिला पडायला लागला. दाढी करताना कापायचं. एकदा हनुवटीवरून रक्त वाहिलं तेव्हा मी ओरडलो, "जेवली न्हाईस का? नीट धर की!"

"धरलाय की," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती टोक मनगटाला गुंडाळून उभी राहायला लागली. मला वाटलं, कंटाळा करते.

फाल्गुनात बारामतीच्या डॉक्टरांनी तिला त्यांचं बोट दाबायला सांगितलं. तिला ते जमलं नाही.

"हातातली ताकद कधीपासून गेली?" त्यांनी मला विचारलं.

मला दिवससुद्धा आठवत होता. मी म्हणालो, "आत्ताच, साहेब."

कौसल्यानं माझ्याकडं पाहिलं. आषाढात ती गेली.

तेराव्यानंतर मी भिंतीत खिळा ठोकला. पट्टा ताठ राहतो, वस्तऱ्याला चांगली धार लागते, आणि कुठंच कापत नाही.

"आबा, आता दाढी किती गुळगुळीत व्हतीय तुमची," सून म्हणते.

मी व्हय म्हणतो.