आफिया कुठे आहे?

इर्बिदच्या सरकारी रुग्णालयात मी एकतीस वर्षं नर्स आहे आणि त्यातली अठरा वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवते. तोंडावर मुली मला सित्त इन्साफ म्हणतात, म्हणजे इन्साफबाई. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि ते नाव मी मेहनतीने कमावलेलं आहे. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगते, सुई टोचायला माकडसुद्धा शिकेल, तुम्ही पेशंटला विचारायला शिका. काय होतंय, कुठे होतंय, कधीपासून, कसं, कुठे सरकतं, कशाने वाढतं. आणि एकदा विचारलं की गप्प बसा. आम्हा लोकांना हे गप्प बसणंच काही केल्या जमत नाही.

सुंदुसला तर मुळीच जमत नव्हतं. ती तफीलाकडच्या डोंगरातली, तोंडात पक्की गावची भाषा. वर्गातल्या शहरी मुली तिची नक्कल करून खिदळायच्या. पेशंटची माहिती घ्यायला वीस मिनिटं दिली की ही पाऊण तास लावणार, आणि बाहेर येऊन मला काय सांगणार, तर पेशंटच्या सुनेने कोणत्या वाटणीवरून भांडण काढलं ते. "सुंदुस, तिच्या पोटाचं काय?" असं विचारलं की म्हणायची, "अगं बया, ते राह्यलंच की, सित्त!" आदल्या सत्रात मी तिला नापास केलं होतं. वाईट वाटलं होतं, पण केलं होतं.

त्या दिवशी तिची फेरपरीक्षा होती. जानेवारीतली सकाळ, विभागातला हीटर बंद पडलेला. तातडी विभागात माणसं कमी, म्हणून दारातल्या टेबलावर मीच शाल पांघरून बसले होते. येणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे, बीपी बघायचं, चिठ्ठी लिहून आत पाठवायचं. साडेसातच्या सुमाराला एक माणूस चाकाच्या खुर्चीवरून एका म्हातारीला घेऊन आला. माणसाचं नाव नाएल, गावात त्याचं रंगाचं दुकान. म्हातारी त्याची सासू. त्याची बायको बहिया मोरोक्कोची, परवाच आमच्याकडे वरच्या मजल्यावर ऑपरेशन करून बाळंत झालेली. लेकीच्या बाळंतपणासाठी ही आई महिन्याभरापूर्वी तिकडून आली होती.

"काय झालं हज्जाला?" मी विचारलं. म्हाताऱ्या बाईला आम्ही मानाने हज्जाच म्हणतो, हज करून आलेली.

"सकाळी चक्कर आली, सित्त. कालपासून नीट जेवली नाहीये." मग तो माझ्याकडे वाकून कुजबुजला, "खरं सांगू? ती माझ्यावर रागावलीये. विमानातून उतरल्यापासून. रोज सकाळी मी स्वतः चहा करून नेतो, 'आल्ला तुम्हाला आफिया देवो' म्हणतो, आणि ती अशी बघते की जणू मी तिची पोर बाजारात विकलीये."

"सासवांना कुणाचा चहा आवडलाय?" मी म्हटलं.

आफिया म्हणजे आमच्याकडे तब्येत, ताकद, सुखरूपपणा, सगळं एका शब्दात. रस्ता झाडणाऱ्याला, भाकरीवाल्याला, ड्यूटी संपवून निघालेल्या नर्सला, जो समोर येईल त्याला आम्ही दिवसातून पन्नासदा आफिया देत असतो. देताना काही खर्च होत नाही.

"हज्जा, काय होतंय तुम्हाला?"

म्हातारी बोलली. आमचीच अरबी, पण स्वर गिळून टाकलेले, शब्द एकमेकांच्या पाठीवर बसलेले. मला त्यातला एकच शब्द नीट कळला, आफिया. तिने तो दोनदा म्हटला. बीपी ठीक होतं, मधुमेह होता, साखर जराशी वर, ताप नव्हता. मी लिहिलं, "आफिया आहे म्हणते. तक्रार नाही. अशक्तपणा." खाली सही ठोकली. दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि मला माझंच कौतुक वाटलं.

आत डॉक्टर मुहन्नद होता, पोरगेला, दोन पाळ्या सलग करून पार सुकलेला. त्याने चिठ्ठी बघितली. "इन्साफ सिस्टरचं अक्षर आहे ना? मग झालं," म्हणाला आणि एक सलाईन लावून घरी सोडायला सांगितलं.

मी म्हातारीला सहा नंबरच्या खाटेवर घेतलं आणि सुंदुसला परीक्षेसाठी तीच पेशंट दिली. हिची भाषा कळत नाही, तक्रार काही नाही, म्हणजे सुंदुसला गप्पा मारायला वावच नाही आणि वीस मिनिटांत सुटेल. मला पोरीची दया आली होती, खोटं कशाला बोलू.

आमच्या परीक्षेचा नियम असा की परीक्षकाने खाटेच्या पायथ्याशी कागद घेऊन उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. पडद्यापलीकडे दोन मुली आपल्या पाळीची वाट बघत होत्या. सुंदुसने हात धुतले, पडदा ओढला, स्टूल घेऊन म्हातारीच्या तोंडासमोर बसली. इथवर सगळं शिकवल्यासारखं.

"सलाम आलैकुम, हज्जा. मी सुंदुस. शिकाऊ नर्स हाय. तुमास्नी काय म्हनू?"

म्हातारीने तिला नखशिखान्त न्याहाळलं. या वेळी ती थोडकंच बोलली, तेवढं मलाही कळलं. "हज कुठं केलीये मी अजून? लल्ला यामना म्हण." लल्ला म्हणजे तिकडचं बाई.

"लल्ला यामना. आमच्या आजीचंबी नाव..." एवढं बोलून सुंदुसने माझ्याकडे चोरून बघितलं आणि जीभ चावली. "सांगा, काय व्हतंय?"

आणि ती गप्प बसली. खरोखर गप्प बसली. मी घड्याळाकडे बघत होते. अर्धं मिनिट गेलं, मग पुरतं एक. सुंदुस हात मांडीवर ठेवून म्हातारीकडे बघत राहिली.

"आफिया, बेटी," म्हातारी हळूच म्हणाली. "आफिया."

आता यावर 'अल्हमदुलिल्ला', देवाची कृपा, म्हणायचं, 'तक्रार नाही' लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. मी माझ्या कागदावर तशी खूण करायला पेन टेकवलंही. पण सुंदुसने काही लिहिलं नाही. ती म्हातारीच्या हाताकडे बघत होती. हात छातीवर होता, मूठ आवळलेली. मग तिने म्हातारीच्या कपाळाकडे बघितलं. मी शालीत कुडकुडत होते, आणि तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

"लल्ला," सुंदुस म्हणाली, "ही आफिया कुठं हाय?"

पडद्यापलीकडे दोघी फिसकन हसल्या. मी दोन गुण कापले. माणसाची खुशाली कुठे असते, असं कुणी विचारतं का? मनात म्हटलं, पोरी, पाठ केलेला प्रश्न भलत्या जागी घालून बसलीस.

म्हातारीचे डोळे मात्र भरून आले. तिने सुंदुसचा पंजा धरला आणि आपल्या छातीच्या मधोमध ठेवला. तिथून तो वर गळ्यावर नेला, जबड्यावर नेला, मग डाव्या खांद्यावरून कोपरापर्यंत खाली आणला.

"कवापासनं?"

"पहाटेच्या, फज्रच्या नमाजापासून."

"कशी हाय ती? दावा मला."

म्हातारीने दोन बोटं चिमटीत धरली आणि दुसऱ्या तळहातावर काडी ओढल्यासारखी ओढली. मग गाल फुगवून त्यावर फुंकर घातली, जशी कोळशाच्या शेगडीवर घालतात. आणि पाचही बोटं लवलवत वर नेली.

सुंदुस ताडकन उठली. "सित्त, ही आग म्हनतीया."

मी नियमाप्रमाणे गप्प. खरं सांगायचं तर मला अजून काही कळलंच नव्हतं.

"सित्त, परीक्षा गेली चुलीत! छातीत आग हाय, जबड्यापस्तोर चढलीय, हातात उतरलीय. एवढ्या थंडीत घाम फुटलाय, त्यात मधुमेह. ईसीजी काढायला पायजे. आत्ता."

"चिठ्ठीत तक्रार नाही म्हटलंय," मी म्हणाले. नियम मीच मोडला.

"चिठ्ठीत तुमी लिवलंय, सित्त. ती तसं बोललीच न्हाई."

अठरा वर्षांत माझ्याशी या सुरात कुणी बोललं नव्हतं. एरवी मी तिला विभागाबाहेर काढली असती. पण तिचा पंजा अजून त्या म्हातारीच्या मुठीत होता, आणि म्हातारी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मी कागद खाटेवर टाकला आणि ईसीजीचं मशीन ओढत आणलं.

छातीवर तारा मी लावल्या. हात सरावाचे होते म्हणून चालले. पट्टी बाहेर आली. ती वाचायला मला डॉक्टर लागत नाही. हृदयाचा खालचा भाग रक्तावाचून तडफडत होता. हिला मी घरी पाठवायला निघाले होते, माझ्या अक्षरात, माझ्या सहीने.

मुहन्नद घरी सोडायचा कागद हातात घेऊनच आला. "पण ही तर आफिया आहे म्हणत होती..." एवढं बोलून त्याने पट्टी बघितली आणि तो कागद चुरगाळून खिशात कोंबला. त्यानंतर कुणी वायफळ बोललं नाही. ॲस्पिरिन चघळायला दिली, दुसरी सलाईन लागली, हृदयविभागाला फोन गेला. ट्रॉली निघाली तरी म्हातारीने सुंदुसची बाही सोडली नाही, म्हणून सुंदुस ट्रॉलीसोबत धावत गेली. धावतानाही तिची बडबड चालूच होती, "घाबरू नगा लल्ला, म्या हाय, नातवाचं नाव ठिवायचंय अजून तुमास्नी..." त्या वेळी तिला कुणी गप्प केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

नाएल बाकावर डोकं धरून बसला होता. त्याने वर बायकोला फोन लावून आई आफिया आफिया म्हणत होती ते सांगितलं, आणि बहिया फोनमधून एवढ्या मोठ्याने ओरडली की मलाही ऐकू आलं. "अहो, आमच्याकडे आफिया म्हणजे आग! चुलीतली आग!"

नाएलचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे महिनाभर रोज सकाळी मी सासूबाईंना..."

"आल्ला तुम्हाला आग देवो, म्हणत होतास," मी म्हटलं. "वर चहा देऊन."

तो हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. मी त्याच्या शेजारी बसले. मला हसूही येईना आणि रडूही. पुढे कळलं की या शब्दाची गंमत अर्ध्या अरब जगाला माहीत आहे. मला नव्हती. पण शब्द माहीत नसणं हा काही गुन्हा नाही. तिचा हात मी बघितला नाही, हा गुन्हा. हात तर माझ्याही समोर होता.

तासाभराने हृदयविभागाच्या डॉक्टरांचा निरोप आला. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली होती, आत स्प्रिंग बसवली होती. घरी गेली असती तर बहुधा संध्याकाळ बघितली नसती, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्या मुलींना उभं केलं आणि माझी चिठ्ठी फळ्यावर चिकटवली. मोठ्याने वाचली. "आफिया आहे म्हणते. तक्रार नाही. अशक्तपणा. यात चुकलं काय?"

सही सगळ्यांना दिसत होती.

"मी सांगते. या बाईकडून मला ऐकायचा होता तो शब्द मी ऐकला आणि विचारणं थांबवलं. 'आफिया कुठे आहे?' असा प्रश्न तुमच्या पुस्तकात नाही. काल तो ऐकून दोघीजणी हसल्या. मीही मनात हसले आणि दोन गुण कापले. आता तुम्ही सगळ्या तो वहीत लिहून घ्या."

वह्या उघडल्या. नक्कल करणाऱ्या त्याच मुली मान खाली घालून लिहीत होत्या. सुंदुस कानापर्यंत लाल होऊन जमिनीकडे बघत होती आणि, नवल म्हणजे, तोंडातून एक शब्द काढत नव्हती. तिला मी शंभरातले नव्व्याण्णव दिले. परीक्षा पूर्ण केली नाही म्हणून एक कापला. उगाच डोक्यावर बसायला नको.

चौथ्या दिवशी लल्ला यामनाला साध्या वॉर्डात आणलं. उशांना टेकून बसली होती, गालांवर रंग आला होता. बहिया बाळाला घेऊन शेजारी होती. त्या सकाळची तपासणी मी मुद्दाम स्वतःकडे ठेवली होती. रात्री घरी बसून तिकडचे चार शब्दही शिकून आले होते.

"लल्ला यामना, लाबास?" मी विचारलं. तिकडे खुशाली अशी विचारतात.

तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पेनाकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघत काहीतरी बोलली. बहिया ओशाळली.

"काय म्हणतेय? सांग, मी रागावणार नाही."

"त्या दुसऱ्या मुलीला बोलवा म्हणतेय, सित्त."

"तिला सांग, त्या मुलीला मीच शिकवलंय."

बहियाने सांगितलं. म्हातारी पुन्हा बोलली, आता थेट माझ्या डोळ्यांत बघून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"आई म्हणतेय," बहिया खालच्या आवाजात म्हणाली, "ती पोर विचारते. तुम्ही लिहिता."

माझ्या घराच्या भिंतीवर उत्तम सेवेची तीन मानपत्रं आहेत, मंत्र्यांच्या सहीची. त्यांतलं एकही मिळाल्यावर माझा ऊर असा भरून आला नव्हता. माझी विद्यार्थिनी माझ्यापुढे गेली होती, आणि हे मला कुणा साहेबाने नव्हे, खुद्द पेशंटने सांगितलं होतं. मी पेन खिशात घातलं, दारात गेले आणि साऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"सुंदुस! ये लवकर. तुझी पेशंट बोलावतेय."