वसतिगृहातल्या कॅरमची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना कॅरम आहे. शनिवार पेठेतल्या एका सुताराने मला घडवले आणि टेम्पोत बसून मी वाघोलीच्या मुलांच्या वसतिगृहात आलो. ते दिवस नव्या कंपन्यांचे होते. मुले दिवसभर संगणक शिकत आणि संध्याकाळी माझ्याभोवती जमत. माझ्या गुळगुळीत पाठीचे फार कौतुक होई.

खेळाबरोबर गप्पाही रंगत. डास चावला तरी एड्स होतो, असे त्यांच्यातला सूरज छातीठोकपणे सांगे.

एकदा शेवटच्या वर्षातला अनिरुद्ध एड्सविषयी माहिती देण्याचे प्रशिक्षण घेऊन आला. एड्स ज्याने होतो तो एचआयव्ही विषाणू असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, वापरलेल्या सुईतून पसरतो. कंडोम वापरला तर बचाव होतो. डास चावल्याने किंवा हात लावल्याने काही होत नाही, असे तो खेळता खेळता सांगू लागला.

"आले डॉक्टर!" सूरज हसला.

"डॉक्टर कुठला? तुझ्यासारखेच विषय राहिलेत माझे."

मग मुले ऐकू लागली.

दिगंबर मात्र गप्प असे. खेड्यातून आलेला, नेम पक्का. एकदा सगळे जेवायला गेल्यावर तो अनिरुद्धला हळूच म्हणाला, "अन्या, मागल्या वर्षी माझ्याकडनं चूक झालीय. लई भ्या वाटतंय रे."

"उद्या तपासणीला जाऊ. मी येतो बरोबर."

सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. दिगंबरला एचआयव्हीची लागण झाली होती. तो कॉलेज सोडून गावी निघाला, पण अनिरुद्धने त्याची बॅग उतरवून ठेवली. औषधे सुरू झाली.

पुढे अनिरुद्ध नोकरीला लागून निघून गेला. मग एका संध्याकाळी दिगंबरने स्वतःच मुलांना सारे सांगितले. त्यानंतर माझ्याजवळ कुणी फिरकेना. तो एकटाच सोंगट्या लावून बसे. माझ्या कडांवर धूळ साचली, पण त्याहून त्याचे ते वाट पाहणे मला जड जाई.

अखेर एक जण खुर्ची ओढून समोर बसला. सूरज होता तो.

"एकट्यानेच राणी घेणार काय रे? सरक, पावडर टाक."

दिगंबरचा पहिला नेम चुकला. त्याचे डोळे भरून आले होते.

आता माझी चौकट सैल झाली आहे. मित्रांनो, मला कोपऱ्यात टाकले तरी चालेल, पण आपल्या माणसाला एकटे टाकू नका. दिगंबर आज कंपनीत काम करतो आणि सुटीच्या दिवशी नव्या मुलांशी बोलायला येतो. तो म्हणतो, "मला अन्या उशिरा भेटला. तुम्हाला मी वेळेवर भेटलोय. विचारा."