शेवट आधी सांगणारे भावजी

आमच्या भावजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याने, आयुष्यात एक गोष्ट धड सांगितलेली नाही. माणूस देवमाणूस. पंखा आणा, मिक्सर आणा, इस्त्री आणा, दुरुस्त करून हातात ठेवतील. पण बोलायला तोंड उघडलं की शेवट आधी. "शेजारच्यांच्या घरची चोरी जावयानेच केली होती. आता ऐक, काय झालं ते." आता काय ऐकायचं, कप्पाळ?

त्यांना तरी किती बोल लावणार? दुरुस्तीच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला आधी निकाल हवा असतो. "मोटर जळलीय, नवी टाकावी लागेल." कशी जळली, का जळली, हे कोणी विचारलंच तर मागाहून. इतकी वर्षं काउंटरमागे उभं राहून त्यांच्या जिभेला तेच वळण पडलं होतं.

एरवी आम्ही हे हसण्यावारी नेलं असतं. पण पडदे काढताना ताई स्टुलावरून पडली आणि तिचा पाय मोडला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नाही असं बजावलं. आता आमची ताई म्हणजे पायाला भिंगरी. स्वस्थ पडून राहणं तिला गुन्हा वाटतो. पहिल्याच आठवड्यात, मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला चुकले म्हणून, ही बया लंगडी घालत स्वयंपाकघरात आली, तोल गेला आणि मोडका पाय टेकला. हाड हललं. डॉक्टरांनी पुन्हा प्लास्टर घातलं आणि थंड आवाजात सांगितलं, "आता टेकलात तर ऑपरेशन करून आत पट्टी बसवावी लागेल. तरीही चालताना लंगडाल, ते लंगडालच."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. ऑपरेशन या शब्दाला ती लहानपणापासून घाबरते. त्या भीतीने ती एक अख्खा दिवस गप्प पडून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाथरूमचा नळ ठिबकायला लागला आणि मी वळून बघते तर हिचा चांगला पाय पलंगाखाली चपला शोधतोय.

मी शाळेत भाषा शिकवते. सुट्टी होती म्हणून तिच्याकडे राहायला आले होते. सकाळचं मला जमत होतं. ताई पलंगावर बसून भाजी निवडायची, फोनवर बोलायची, मला नावं ठेवायची. धोका होता तो दुपारचा. जेवणं आटोपली, दुकान बंद करून भावजी आत आले आणि घर शांत झालं की हिचे पाय शिवशिवायला लागायचे. टीव्ही लावून पाहिला. पुस्तकं आणून दिली, तर दोन पानांत तिचे डोळे दुखायला लागले. मग मला आठवलं की लहानपणी ताई गोष्टीत अडकली की बाजूला दूध उतू गेलं तरी हलायची नाही. मी उत्साहाने एक गोष्ट सांगायला घेतली. दोन वाक्यांत ताई म्हणाली, "तू सांगत नाहीस, तू शिकवतेस. परीक्षा आहे का माझी?"

मी निमूटपणे उठून दुकानात गेले.

"भावजी, ताईला पलंगावर बसवून ठेवायचं तर आता तुम्हीच गोष्ट सांगा."

ते एका मिक्सरचं झाकण उघडत होते. "मी? अहो मास्तरीणबाई, माझ्या गोष्टी ऐकून लोक उठून जातात."

"म्हणूनच शिकवणी घेणार आहे. गोष्ट कशी सांगायची ते आपण इथे ठरवू."

त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला. ताईचा पाय हा विषय निघाला की त्यांचा चेहरा लहान मुलासारखा होतो. "शिकवा," ते म्हणाले.

पहिला धडा सोपा होता. शेवट राखून ठेवायचा. ऐकणाऱ्याला एक प्रश्न द्यायचा आणि उत्तर घाईने द्यायचं नाही, त्यालाच उत्कंठा म्हणतात. दुसरा धडा, घडलेलं जसंच्या तसं सांगायचं नाही, थोडं इकडचं तिकडे करायचं. तिसरा, कोणाच्या नजरेतून सांगतोय ते ठरवायचं आणि त्याला जे ठाऊक नाही ते आपणही बोलायचं नाही. भावजींनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आहे एक गोष्ट माझ्याकडे. शेवटी काय होतं माहीत आहे का, ती बाई..."

"मला नका सांगू," मी त्यांचं बोलणं तोडलं. "शेवटच्या दिवसापर्यंत मलाही सांगायचा नाही."

त्या दुपारी ते ताईच्या उशाशी बसले आणि घसा खाकरून सुरू झाले. एक कारागीर होता. त्याचं नवीन दुकान होतं, गिऱ्हाईक फारसं नव्हतं. एके दिवशी एक मुलगी टेबलफॅन घेऊन आली. तिचे डोळे बल्बसारखे होते.

"किती वॉटचे?" ताईने विचारलं.

मी डोक्याला हात लावला. उपमेचा धडा अजून व्हायचा होता. भावजी मात्र गडबडले नाहीत. "शंभरचे," म्हणाले आणि पुढे निघाले. पंख्याची एक वायर सुटली होती. कारागिराने ती जोडून दिली. आठवड्याने मुलगी पुन्हा आली. तोच पंखा, तीच वायर. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा.

"का पण?" ताई म्हणाली.

"उद्या," भावजी म्हणाले आणि उठून दुकान उघडायला गेले. ताई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. तिचे दोन्ही पाय पलंगावर होते.

मग रोज दुपार अशीच जायला लागली. कधी कधी भावजी घसरायचे. एकदा म्हणाले, "हा स्क्रू नीट लक्षात ठेव, पुढे कामाला येणार आहे." मी दारामागून खुणा केल्या. संध्याकाळी दुकानात त्यांना समजावलं की पूर्वसूचना हळूच सोडून द्यायची असते, तिच्यावर बोट ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चुकून टाकल्यासारखं एक वाक्य टाकलं. पंख्याच्या बुडाच्या स्क्रूची खाच जरा खरवडलेली होती. तेवढं म्हणून ते त्या मुलीच्या छत्रीबद्दल बोलायला लागले. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन उगाचच चहा टाकला.

अतिशयोक्ती त्यांच्या फारच अंगवळणी पडली. पंख्याच्या वाऱ्याने समोरच्या दुकानाची पाटी उडते असं सांगायला लागले, तेव्हा ती मीच बंद केली. पण ताई खूश होती. सकाळपासून तर्क करायची. पंख्यात काहीतरी लपवलेलं असणार. मुलगी पोलिसांची असणार. की दुसऱ्या कारागिराने पाठवली असणार, ह्याची अब्रू घालवायला? भाजी निवडता निवडता म्हणायची, "तो कारागीर मठ्ठ आहे. एकच वायर इतक्या वेळा सुटते आणि ह्याला काही कळत नाही?"

"तुला कळलंय का?" मी विचारायचे.

"कळलं असतं तर अशी पडून राहिले असते का?"

मला शेवट ठाऊक नव्हता आणि एक काळजी होतीच. गोष्ट प्लास्टरच्या आधी संपली तर? भावजींनी मात्र ती पुरवून पुरवून आणली. प्लास्टर निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते नेहमीच्या जागी बसले. मी या वेळी दारामागे न थांबता सरळ आत येऊन खुर्चीवर बसले.

"तर ती मुलगी," भावजी म्हणाले, "भर उन्हात तो पंखा दोन्ही हातांनी कवटाळून पुन्हा आली. घामाने डबडबलेली."

"मूर्खच आहे," ताई म्हणाली. "एवढा अवजड पंखा कोण उचलून नेईल दर आठवड्याला? इस्त्री न्यावी. पिशवीत टाकली की झालं, घरात कोणी विचारत पण नाही. मी तर..."

ती थांबली. घडी घालायला घेतलेला टॉवेल तिने मांडीवर ठेवला. मी ताईकडे बघितलं, मग भावजींकडे. भावजी खिडकीबाहेर बघत होते.

मला आठवलं. ताईच्या लग्नाआधी आमच्या घरची इस्त्री सारखी बिघडायची. आई वैतागून नवी आणू म्हणायची आणि ताई म्हणायची, नको, मी दुरुस्त करून आणते.

ताईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. "तुम्हाला माहीत होतं?"

"खाच खरवडलेली होती ना," भावजी हळूच म्हणाले. "पेचकसाने तशी होत नाही. सुरीच्या टोकाने होते."

"केव्हा कळलं?"

"दुसऱ्याच खेपेला."

"आणि इतकी वर्षं मला वाटत राहिलं की मी तुम्हाला बनवलं." ताई आता चिडली होती, लाजली होती आणि तिला तोंड लपवायला जागा हवी होती. तिने चादर बाजूला केली. "मी जाते आत." दोन्ही पाय पलंगावरून खाली वळले. प्लास्टर जमिनीपासून वीतभर अंतरावर होतं. मी खुर्चीतून उठले.

भावजी जागचे हलले नाहीत. "तेव्हाच बोललो असतो," ते म्हणाले, "तर तू परत आली नसतीस."

ताईचे पाय तसेच अधांतरी राहिले. साऱ्या जगाला शेवट आधी सांगणाऱ्या या माणसाने एक शेवट एवढी वर्षं पोटात ठेवला होता. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. ताईने एकेक करून दोन्ही पाय वर घेतले, प्लास्टरचा पाय उशीवर ठेवला आणि चादर ओढून तोंडावर घेतली. चादर हलत होती, त्यावरून ती आत हसतेय हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर निघालं. हाड नीट जुळलं होतं. डॉक्टरांनी तिला पाय टेकवून चालायला लावलं आणि ताई काठी धरून खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चालली. आता घरी पोचलो की ही सगळ्यात आधी माझं स्वयंपाकघर उचकणार, असं मी मनाशी धरून चालले होते.

घरी आल्यावर ती जेवली, हात धुतले आणि आपल्या पायांनी चालत पलंगावर जाऊन आडवी झाली.

"काय गं, दुखतंय का?" मी विचारलं.

"छे," ताई म्हणाली आणि भावजींसाठी उशाशी जागा केली. "अहो, या. पहिल्यापासून सांगा. या वेळी इस्त्री म्हणा."