टायरवरचे केस

पहिली शंका: फुकट

फुकटच्या कापडाचं खरं रूप पहिल्या धुण्यात कळतं, हे शिवणवालीला धंद्याने शिकवलं होतं. म्हणून टोपीवाला ट्रकभर सायकली घेऊन वस्तीवर आला आणि शाळेतल्या पोरांना वाटू लागला, तेव्हा बाकीच्यांनी हात पुढे केले आणि तिने तोंड उघडलं.

"आणि बदल्यात काय?"

"काही नाही, ताई. मुलं शाळेत पोचली पाहिजेत, एवढंच."

"एवढंच म्हणणारे फार बघितलेत, दादा."

तो हसला. जाता जाता म्हणाला, "महिन्याने येऊन सायकली तपासीन. काहींच्या परतही न्याव्या लागतात."

झालं. शंकेला पाय फुटले.

शाळा टेकडीपलीकडे. शिवणवालीची लेक, जिला सगळे ढांगी म्हणत, लांब ढांगा टाकत निघाली तरी पहिला तास हुकायचा. असंच चाललं तर वार्षिक परीक्षेला बसवणार नाही, असं बाईंनी सांगून ठेवलेलं. माहेरी अशाच एका टेकडीने शिवणवालीला स्वतःची शाळा सोडायला लावली होती. सायकल गेली तर लेकीची शाळाही गेली, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

वस्तीने एकमताने अर्थ काढला: ओरखडा दिसला की सायकल जप्त. शेजारच्या दारात राहणाऱ्या धाकट्या जावेने तर पोराला प्लॅस्टिकसुद्धा काढू दिलं नाही. सायकल कोपऱ्यात, वर चादर. पोरगा तिच्याकडे आजाऱ्याला बघायला आल्यासारखा बघायचा.

शिवणवालीने त्यातल्या त्यात उदारपणा केला. डांबरी रस्त्यावर बसायचं, खडीवर उतरून ढकलायची.

दुसरी शंका: पोटची पोर

ढांगीच्या स्कर्टची दुमड फाटून आली.

"काट्यात अडकला, आई."

काटा कापड ओरबाडतो, चावत नाही. ही दुमड चावलेली होती, कडेला काळं वंगण. शिवणवालीने मुकाट्याने दुसऱ्या कापडाची पट्टी लावून दिली. काटा कुठला, ते ती बघणार होती.

टोपीवाला येणार त्या दिवशी तिने लेकीला चालत पाठवलं आणि सायकल उलटी केली. मडगार्ड वाकलेलं. रंग खरवडलेला. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते पार झिजून गेलेले. खडीवरून दामटली होती कार्टीने, रोज.

कॅरिअरचा रंगही घासलेला. म्हणजे मागे कुणीतरी बसतं.

कोण?

ही तिसरी शंका. तिला जरा दाराबाहेर थांबवू, कारण शिवणवालीलाही तेव्हा सवड नव्हती. जाऊ गवत कापायला गेली होती, दार नुसतं लोटलेलं, आणि दोन्ही सायकली एकाच निळ्या रंगाच्या.

तासाभराची उसनवारी, तिने मनाला सांगितलं. तो गेला की परत ठेवू. प्लॅस्टिकवाली इकडे आली, झिजकी तिकडे गेली. वर चादर घालायला ती विसरली नाही.

तपासणी

टोपीवाला आला. प्लॅस्टिक बाजूला करून त्याने टायरवरून अंगठा फिरवला.

"केस तसेच आहेत."

"डोळ्यांत तेल घालून जपलीय," शिवणवाली म्हणाली. "जमिनीला टेकू दिली नाही."

"मग न्यावी लागेल, ताई."

"काय?"

"न वापरलेली सायकल आम्ही परत नेतो. पलीकडच्या वस्तीतली पोरं अजून पायी जातात."

तिने हँडल घट्ट धरलं. तोवर तो शेजारच्या दारात पोचला होता. नुकतीच परतलेली जाऊ हातातला विळा ठेवून लगबगीने पुढे झाली, चादर ओढली आणि तशीच राहिली.

"वा," टोपीवाला खाली वाकला. "ही वापरलीय. ही राहू द्या."

जावेने सायकलकडे पाहिलं. मग शिवणवालीकडे. मग ओठ घट्ट मिटून घेतले.

"ती आमची आहे," शिवणवाली म्हणाली.

"अस्सं? मग हिच्या घरात कशी?"

"मी ठेवली. चांगली दाखवायची म्हणून हिची घेतली."

टोपीवाल्याने तिला आपादमस्तक न्याहाळलं. महिन्यापूर्वी तिने ज्या नजरेने त्याला तोललं होतं, नेमक्या त्याच नजरेने. "आता सगळेच म्हणतील, झिजलेली आमची."

"जाऊबाई, माझ्या घरात चोरासारख्या शिरलात?"

"शिरले."

जाऊ पुढे काही बोलायच्या आत शिवणवालीने सायकल आडवी पाडली. साखळीत काळीकुट्ट चिंधी अडकलेली होती. नखाने ओढून काढली. तेवढ्यात ढांगी आणि जावेचा पोरगा घामाघूम होऊन शाळेतून आले. शिवणवालीने लेकीला उंबऱ्यावर उभं केलं, स्कर्टची पट्टी उसवली आणि चिंधी दुमडीला लावली. दाताला दात बसला.

"काटा सापडला," ती म्हणाली.

ढांगीने मान खाली घातली.

"आणि मागे कोण बसतं? खरं सांग."

जावेचा पोरगा पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"हाच," ढांगी पुटपुटली. "त्याची प्लॅस्टिकमध्ये असते ना. काकूला सांगू नको म्हणाला."

जावेने पोराला दंडाला धरून पुढे केलं.

"उद्यापासून चालवेल तो," ती टोपीवाल्याला म्हणाली. "आत्तापासून."

"असं सगळेच म्हणतात, ताई," तो म्हणाला. त्याने कोरी सायकल उचलली आणि ट्रकमध्ये चढवली. जावेने ओढून धरलेलं प्लॅस्टिक मात्र तिच्याच हातात राहिलं.

ट्रक वळणाआड गेला. दोघी जावा आपापल्या दारात.

"पोराला पाठव सकाळी," शिवणवाली म्हणाली. "बसेल मागे. आजवर बसत होताच."

जावेने प्लॅस्टिकची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"आणि बदल्यात काय?" तिने विचारलं.